पाऊलवाटेचे साक्षीदार

इंग्लंडांतील शेतांतून, रानांतून आणि नदीकांठानें मुलांबाळांसह फिरावयास जाणें ही तेथील मध्यम स्थितीच्या कुटुंबांची रविवारची अगदीं साधी करमणूक आहे. डब्यांत चार खाद्यपदार्थ घ्यावे, पायांत जाड तळव्यांचे बूट चढवावे, आगगाडीनें किंवा मोटारीनें एखाद्या खेड्यापर्यंत जावें, आणि तेथून पांच-सहा मैलांचा फेरा करून दिवेलागणीच्या आंत घरीं परतावें, इतकाच तो कार्यक्रम. त्यांत साहस नाहीं, तीर्थयात्रेचें पुण्य नाहीं, आणि खर्चही फारसा नाहीं. अशा निरुपद्रवी गोष्टीलाही कांहीं इतिहास असेल, आणि त्या इतिहासांत तुरुंगवास, झटापटी व न्यायालयांतील झगडे असतील, असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. माझ्याही मनांत आलें नव्हतें. तें येण्यास एक लहानसा प्रसंग कारण झाला. तो आधीं सांगतों.

माझी कन्या व जांवई मँचेस्टर शहरीं राहतात. गेल्या उन्हाळ्यांत मी त्यांच्याकडे गेलों असतां एका रविवारीं आम्ही सर्वजण डर्बीशायर परगण्यांतील हेफील्ड नांवाच्या खेड्याकडे फिरावयास निघालों. बरोबर सहा वर्षांची नात होती. गांव सोडल्यावर वाट थोडा वेळ ओढ्याच्या कांठानें गेली, मग झाडींत शिरली, आणि झाडी संपतांच एका कुरणाच्या दगडी गडग्यापाशीं येऊन थांबली. निदान मला तरी ती थांबलीशी वाटली. गडग्याला एक लहान लांकडी फाटक होतें, पलीकडे मेंढ्या चरत होत्या, आणि कुरणाच्या दुसऱ्या टोकाला मालकाचें घर दिसत होतें. मी थबकलों. परक्याच्या शेतांत न विचारतां पाऊल घालूं नये, हा संस्कार माझ्या हाडींमाशीं खिळलेला. तो कोठून आला तें शेवटीं सांगेन. नात मात्र फाटक ढकलून केव्हांच आंत गेली होती. "आजोबा, चला ना! ही आपलीच वाट आहे," असें ती म्हणाली. तेवढ्यांत मालक समोरून आला. मी क्षमा मागण्याच्या तयारींत होतों. परंतु त्यानें हात वर करून अभिवादन केलें, आणि फाटक नीट लावून घ्या, एवढेंच सांगून तो आपल्या कामास निघून गेला.

"आपलीच वाट" हे त्या मुलीचे शब्द कायद्याच्या दृष्टीनें शब्दशः खरे होते. इंग्लंड व वेल्स मिळून अशा सार्वजनिक वाटांची लांबी आज सुमारें १,४०,००० मैल भरते. त्यांतील बहुतेक वाटा खाजगी जमिनींतून जातात. जमीन मालकाची, पीक मालकाचें, झाडें मालकाचीं. पण तीवरून चालत जाण्याचा हक्क मात्र रावापासून रंकापर्यंत सर्वांचा. हा हक्क मालकाच्या औदार्यावर अवलंबून नाहीं. त्याची मर्जी फिरली म्हणून तो बुडत नाहीं, आणि जमीन दुसऱ्याच्या हातीं गेली तरी तो मागें राहत नाहीं. एकदां जी वाट सार्वजनिक झाली ती, रीतसर हुकमानें बंद केल्याखेरीज, कायमची सार्वजनिक, हें इंग्रजी कायद्याचें जुनें तत्त्व आहे.

या वाटा कोणी हौशी लोकांच्या सहलींसाठीं आंखलेल्या नव्हेत. एक वाट वाडीवरून चर्चला जाणारी, दुसरी पाणचक्कीकडे धान्य नेणारी, तिसरी बाजाराच्या गांवाची, चौथी कोळशाच्या खाणीची. ज्या डोंगराळ भागांत दफनभूमि दूर, तेथें प्रेत वाहून नेण्याचीही स्वतंत्र वाट असे. नदीकांठच्या ज्या वाटांवर आज मुलें बदकांना पाव टाकीत हिंडतात, त्यांतील पुष्कळशा मालाच्या नावा दोरानें ओढणाऱ्या घोड्यांच्या खुरांनीं पडलेल्या आहेत. १९९६ सालीं खुला झालेला सुमारें १८५ मैलांचा थेम्सकांठचा मार्ग बराचसा अशाच वाटांवरून जातो. सारांश, आजच्या विश्रांतीची वाट ही कालच्या श्रमाची वाट आहे. गरजेनें ती पाडली. गरज सरल्यावर ती टिकली कशी, हाच इतिहासाचा खरा प्रश्न.

कारण ती नाहींशी होण्यास सर्व परिस्थिति अनुकूल होती. १६०४ पासून १९१४ पर्यंत पार्लमेंटनें ५,२०० हून अधिक निरनिराळे कायदे करून सुमारें ६८ लक्ष एकर सामायिक शेतें, गायरानें आणि माळ यांना कुंपणें घालण्यास संमति दिली. शेतीचें उत्पन्न वाढावें हा हेतु पुढें केला जाई, आणि अनेक ठिकाणीं तें वाढलेंही. परंतु ज्या गरीबाची एक गाय गायरानावर चरत असे आणि ज्याचें सरपण रानांतून येत असे, त्याला या सुधारणेचा अर्थ निराळाच कळला. कुंपणाबरोबर वाटाही गेल्या. १८१५ च्या एका कायद्यानें तर अनावश्यक वाटणारी वाट बंद करण्याचा अधिकार केवळ दोन मॅजिस्ट्रेटांच्या स्वाधीन केला. आतां परगण्यांतील मॅजिस्ट्रेट म्हणजे बहुधा तेथलेच जमीनदार. शेजाऱ्याच्या बागेतून जाणारी वाट शेजाऱ्यानें अनावश्यक ठरवावी, आणि पुढच्या महिन्यांत त्याची फेड व्हावी, अशी ती सोय होती.

याच काळांत मँचेस्टरसारखीं शहरें धुरानें भरत चाललीं होतीं. गिरण्यांतून राबणाऱ्या माणसांना मोकळ्या हवेची एकच जागा उरली होती. ती म्हणजे शहराच्या कडेपासून शेतांतून निघणारी पाऊलवाट. मोठ्या शहरांतील श्रमिकांना फिरावयास जागाच नाहीं, ही गोष्ट पार्लमेंटच्या एका समितीनें १८३३ सालीं नमूद केली. परंतु लोक त्याआधींच जागे झाले होते. १८२४ सालीं यॉर्क येथें आणि १८२६ सालीं मँचेस्टर येथें प्राचीन पाऊलवाटांच्या रक्षणासाठीं मंडळें निघालीं. मँचेस्टरजवळ फ्लिक्सटन येथें राल्फ राइट नांवाच्या जमीनदारानें आपल्या इस्टेटींतून जाणाऱ्या वाटा अडविल्या होत्या. मँचेस्टरच्या मंडळानें तें प्रकरण न्यायालयांत चिकाटीनें लढवून त्या पुन्हां मोकळ्या करविल्या.

अशा दाव्यांत पुरावा कशाचा देत, हें पाहणें मोठें मनोरंजक आहे. राजानें दिलेली सनद पाऊलवाटेला नसते. तिचें खरेदीखत नसतें, आणि तिचा करही कोणी भरीत नाहीं. तेव्हां पुरावा एकच: माणसांची स्मृति. गांवांतील वृद्ध स्त्रीपुरुषांना न्यायालयांत उभें करावें, आणि त्यांनीं सांगावें कीं, मी आईचें बोट धरून या वाटेनें गेलों, माझा बाप याच वाटेनें कामावर जाई, आम्हांला कोणीं कधीं अडविलें नाहीं. साक्षीदार जितका म्हातारा, आणि त्याची आठवण जितकी बालपणाची, तितकी साक्ष भारी. लहान मुलांचें निरर्थक हुंदडणें साठ वर्षांनीं न्यायालयांत सार्थ होत असे. पुस्तकी इतिहासाला जें काम साधलें नसतें, तें खेड्यांतील आजीबाईंच्या आठवणींनीं साधलें आहे.

येथें एका थोर कवीविषयीं थोडें अप्रिय लिहिणें भाग आहे. आमच्या पिढीला इंग्लंडच्या सृष्टिसौंदर्याची ओळख वर्डस्वर्थनें करून दिली. तो स्वतः जन्मभर चालला. सरोवरांच्या प्रदेशाविषयीं त्यानें लिहिलेल्या मार्गदर्शक पुस्तकांत, ज्याला डोळे व हृदय आहे अशा प्रत्येकाचा त्या प्रदेशांत वांटा आहे, असा उदार विचार त्यानें मांडला. परंतु १८४४ सालीं विंडरमीर सरोवराकडे आगगाडी येणार असें ठरतांच त्याच कवीनें तिला कडाडून विरोध केला. गिरणगांवांतील माणसांचे लोंढे आल्यानें त्यांचें कल्याण होणार नाहीं आणि प्रदेशाचा एकांत मात्र भंगेल, असें त्याचें म्हणणें होतें. त्याची भीति सर्वस्वीं खोटी ठरली असें म्हणवत नाहीं. तेथील आजची गर्दी ज्यानें पाहिली आहे त्याला ती समजेल. तथापि ज्याला डोळे आहेत त्यानें यावें असें म्हणावयाचें, आणि तिसऱ्या वर्गाचें तिकीट काढून कोणी येऊं लागला कीं त्याच्या डोळ्यांविषयीं शंका घ्यावयाची, ही सुशिक्षितांची जुनी खोड आहे. मी स्वतः त्याच वर्गांतला असल्यामुळें ती मला परकी वाटत नाहीं.

सुदैवानें सर्व सुशिक्षितांनीं ही खोड जोपासली नाहीं. १८६५ सालीं लंडनमध्यें गायरान-संरक्षक मंडळ स्थापन झालें. जॉन स्टुअर्ट मिल्लसारखे तत्त्ववेत्ते त्याच्या पाठीशीं होते. दुसऱ्याच वर्षीं लॉर्ड ब्राउन्लो यांच्या इस्टेटीनें बर्कहॅमस्टेडच्या गायरानाला लोखंडी कुंपण घातलें. तेव्हां ऑगस्टस स्मिथ या गृहस्थांनीं सुमारें १२० मजूर लंडनहून खास आगगाडीनें आणून एका रात्रींत तें सारें उखडून टाकलें, आणि त्याच्या सळया व खांब मोडतोड न करतां जागोजाग नीट रचून ठेवविले. कुंपण बेकायदेशीर, पण लोखंड मालकाचें, हा त्यांतील विवेक मला फार आवडतो. पुढें १८७० सालीं दाव्याचा निकालही स्मिथ यांच्यासारखाच लागला. १८७८ च्या कायद्यानें लंडनजवळचें एपिंगचें रान लोकांच्या विहारासाठीं कायमचें मोकळें राखलें गेलें. आणि १८९५ सालीं ऑक्टेव्हिया हिल, रॉबर्ट हंटर व हार्डविक रॉन्स्ली या तिघांनीं नॅशनल ट्रस्टची स्थापना केली.

परंतु हा इतिहास निव्वळ विजयांचा नाहीं. बोल्टन शहराजवळ विंटर हिल नांवाची टेकडी आहे. तिच्यावर जाणारी वाट कर्नल एन्सवर्थ नांवाच्या जमीनदारानें अडविली, तेव्हां १८९६ च्या सप्टेंबरांतील एका रविवारीं सुमारें दहा हजार माणसें शहरांतून निघून, अडसर बाजूला सारून टेकडीवर चढलीं. पुढच्या वर्षीं न्यायालयाचा निकाल जमीनदाराच्या बाजूनें लागला. माणसें दहा हजार असलीं तरी दाव्यांत त्यांची साक्ष पुरेशी ठरली नाहीं. शिवाय, सर्व झगडा वाटेपुरता होता. वाट सोडून माळावर किंवा पठारावर हिंडण्याचा हक्क कोणालाच नव्हता. तो मिळावा म्हणून जेम्स ब्राइस यांनीं १८८४ सालीं पार्लमेंटमध्यें स्कॉटलंडच्या डोंगरांसंबंधीं एक विधेयक आणलें. तें संमत झालें नाहीं.

आतां पुन्हां हेफील्डकडे वळूं. त्या गांवाच्या माथ्यावर किंडर स्काउट नांवाचें विस्तीर्ण पठार आहे. मँचेस्टर आणि शेफील्ड या दोन धुरकट शहरांच्या मधोमध तें पसरलेलें. पण ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठीं तें राखून ठेवलेलें असे, आणि लाठ्या घेतलेले राखणदार कोणाला फिरकूं देत नसत. १९३२ सालीं, एप्रिल महिन्याच्या २४ तारखेस, रविवारीं, बेनी रॉथमन नांवाच्या वीस वर्षांच्या बेकार तरुणाच्या पुढारीपणाखालीं सुमारें चारशें तरुण-तरुणी हेफील्डजवळच्या दगडाच्या खाणींत जमून पठारावर चढलीं. राखणदारांशीं थोडी झटापट झाली, एक राखणदार जखमी झाला, आणि परततांना सहा तरुणांना पोलिसांनीं धरलें. दुसऱ्याच्या जमिनींत शिरणें हा त्या कायद्यानें फौजदारी गुन्हा नव्हता. म्हणून आरोप दंग्याचे ठेवावे लागले. पांच जणांना दोन ते सहा महिन्यांच्या शिक्षा झाल्या. त्यांत रॉथमन यांना चार महिने मिळाले.

या प्रकरणाविषयीं फिरस्त्यांच्या मंडळांतच मोठा मतभेद होता. जुन्या मंडळांनीं त्या दिवशींच्या कृत्याचा निषेध केला. वर्षानुवर्षें सामोपचारानें जें साधीत आणलें तें या पोरांनीं बिघडविलें, असें त्यांचें मत. उलट, शिक्षा इतक्या कठोर झाल्या कीं लोकमत एकदम तरुणांच्या बाजूस झुकलें, असें दुसऱ्या पक्षाचें म्हणणें. मला वाटतें, पोवाडा रचण्यासारखी घटना ही असली, तरी त्याच वर्षीं दुसरी एक घटना गाजावाजा न होतां घडली, तिला आपण विसरूं नये. १९३२ च्याच वाट-हक्काच्या कायद्यानें असें ठरविलें कीं, एखाद्या वाटेनें लोक सलग वीस वर्षें, परवानगी न मागतां, उघडपणें आणि अडथळ्यावांचून चालत आले असतील, तर मालकानें ती वाट लोकांना अर्पण केली असें समजावें. तसा हेतु नव्हता हें सिद्ध करण्याचा भार मालकावर. पूर्वीं वृद्धांच्या आठवणींवर हेलकावे खाणारा हक्क या कायद्यानें जमिनीवर उभा केला. रॉथमननें पठाराचें दार ठोठावलें. या कायद्यानें वाटांची दारें काढूनच ठेविलीं. दोन्हींची गरज होती. परंतु पहिल्या कामाला धाडस लागतें आणि तें थोड्यांजवळ असतें. दुसऱ्या कामाला फक्त चालणें लागतें, आणि तें आजारी व अपंग सोडले तर कोणालाही जमतें. लहान मुलांना तर तें विशेषच जमतें.

महायुद्धानंतर पुष्कळ गोष्टी वेगानें घडल्या. १९४९ च्या कायद्यानें राष्ट्रीय उद्यानांची योजना झाली, आणि प्रत्येक परगण्यानें आपल्या हद्दींतील सार्वजनिक वाटांचा अधिकृत नकाशा तयार करावा असें ठरलें. १९५१ सालीं किंडरचें पठार ज्यांत मोडतें तें पीक डिस्ट्रिक्टचें उद्यान सर्वांत प्रथम अस्तित्वांत आलें. टॉम स्टीफन्सन यांनीं १९३५ सालीं वर्तमानपत्रांतून सुचविलेला, इंग्लंडच्या कण्यावरून जाणारा २६८ मैलांचा पेनाइन मार्ग १९६५ सालीं पुरा झाला. अखेर २००० सालच्या कायद्यानें डोंगर, माळ आणि नोंदलेलीं गायरानें यांवर वाट सोडूनही हिंडण्याचा हक्क दिला. २००२ सालीं, किंडरच्या घटनेला सत्तर वर्षें झालीं तेव्हां, डेव्हनशायरच्या त्या वेळच्या ड्यूकनीं आपल्या आजोबांच्या वर्तनाबद्दल जाहीरपणें क्षमा मागितली.

तरीही कथा संपली नाहीं. २००० च्या कायद्यानें दिलेला मुक्त संचार इंग्लंडच्या सुमारें आठ टक्के भूमीपुरताच आहे. शिवाय त्याच कायद्यांत एक कलम असें होतें कीं, ज्या जुन्या वाटा १ जानेवारी २०२६ पर्यंत अधिकृत नकाशावर नोंदल्या जाणार नाहींत त्यांवरील हक्क नष्ट व्हावा. २०२० सालीं रॅम्बलर्स संघाच्या स्वयंसेवकांनीं जुने व नवे नकाशे ताडून पाहिले, तेव्हां नोंदींतून सुटलेल्या संभाव्य वाटा ४९,००० मैलांहून अधिक निघाल्या. पुढें ती मुदत २०३१ पर्यंत वाढविण्यांत आली, आणि २०२४ च्या अखेरीस सरकारनें ती अजिबात काढून टाकण्याचा मनोदय जाहीर केला. आजही नवी वाट नोंदवावयाची तर परगण्याच्या कचेरींत एक छापील पत्रक भरून द्यावें लागतें. त्यांतील मुख्य प्रश्न दोनशें वर्षांपूर्वींचाच: आपण या वाटेनें कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत चाललां? आपणांस कोणीं अडविलें काय?

आतां माझ्या थबकण्याची हकीकत सांगतों. आमचें मूळ गांव कृष्णाकांठचें. गांवापासून नदीपर्यंत एक पाणंद होती. दोन्ही बाजूंस निवडुंग आणि घाणेरी, मधून एक बैलगाडी जाईल एवढी रुंदी. त्या पाणंदीनें बायका धुणें घेऊन जात, गुरें पाण्यावर जात, आणि आम्ही पोरें शाळा सुटतांच पोहावयास धांवत असूं. कडेच्या शेतकऱ्यांनीं दरवर्षीं नांगराचें एक-एक तास पुढें सरकविलें. निवडुंग गेला, गाडीवाटेची पाऊलवाट झाली, भोंवतीं ऊंस आला, आणि पंचवीस वर्षांपूर्वीं मी सुटींत गांवीं गेलों असतां ऐन मध्यावर कांटेरी तार आडवी दिसली. तारेपलीकडून कोणी विचारलें, "गुरुजी, इकडं कुठं?" मी कांहीं न बोलतां मागें फिरलों. परक्याच्या शेतांत न विचारतां पाऊल घालूं नये, हा संस्कार मीं त्या दिवशीं स्वतःवर करून घेतला.

आपल्याकडे कायदा नाहीं असें नव्हे. १८८२ च्या वहिवाटीच्या हक्कांच्या कायद्यांतही तींच वीस वर्षें आहेत. शांतपणें, उघडपणें आणि हक्क म्हणून वीस वर्षें वापरलेली वाट तो कायदा मानतो. मात्र तो हक्क जमीनधारकानें आपल्या जमिनीच्या उपभोगासाठीं मागावयाचा आहे. नुसत्या फिरणाऱ्याची त्यांत सोय नाहीं. १९०६ च्या मामलेदार न्यायालयांच्या कायद्यानें रूढ वाटेवरील अडथळा दूर करवितां येतो. पण त्यासाठीं अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आंत दाद मागावी लागते. मीं पंचवीस वर्षें मागितली नाहीं. गांवांतील कोणींच मागितली नाहीं. घरोघर नळ आले, धुणें घरीं होऊं लागलें, मुलें पोहावयाचीं थांबलीं, आणि वाटेला कोणी उरलें नाहीं. तार शेतकऱ्यानें घातली हें खरें. पण ती घालण्यापूर्वीं वाट आम्हीच सोडून दिली होती, हेंही तितकेंच खरें.

इंग्लंडहून परतल्यावर मी गांवीं जाऊन तलाठ्याच्या दप्तरांतील गांवनकाशा पाहिला. दुहेरी तुटक रेषेनें ती पाणंद नदीपर्यंत अजून दाखविलेली आहे. गांवांतील सत्तरी ओलांडलेल्या तिघांना आणि एका मावशींना बरोबर घेऊन तहसील कचेरींत अर्ज दिला. त्यांनीं आपल्या लहानपणाच्या आठवणी सांगितल्या, मीं माझ्या सांगितल्या, आणि कारकुनानें त्या लिहून घेतल्या. निकाल काय लागेल तें सांगवत नाहीं. माझी तक्रार उशिराची आहे, आणि माझ्याबरोबरचे साक्षीदार आतां फार दिवस साक्ष देत राहतील असेंही नाहीं.

डिसेंबरांत नात येणार आहे. तिला पाणंदीनें घेऊन जावयाचें ठरविलें आहे. तूर्त तारेपर्यंतच जातां येईल. तेथून नदी दिसत नाहीं, पण पाण्याचा आवाज ऐकूं येतो.